प्रकल्प नोंदी: ४०४चं पहिलं वर्ष

१२ जून
सुरुवात. कंपनीचे शेअर गेल्या वर्षी अमेरिकी बाजारात आले. नव्या कंपनीला पहिल्या वार्षिक अहवालात अंतर्गत नियंत्रणांवरचा (म्हणजे हिशेबातली चूक रोखायच्या किंवा पकडायच्या आतल्या व्यवस्थांवरचा) व्यवस्थापनाचा अहवाल न देण्याची मुभा असते. आपण ती घेतली आणि त्या जागी ठरलेला छोटा मजकूर टाकून मोकळे झालो. यंदा मुभा संपली. सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याच्या (२००२) कलम ४०४(ए)प्रमाणे ३१ डिसेंबरच्या स्थितीवर लेखी सांगायचं आहे, आर्थिक अहवालावरची नियंत्रणं परिणामकारक आहेत की नाहीत. ‘बऱ्यापैकी आहेत’ असं उत्तर चालत नाही.

नियंत्रणांवर बाहेरच्या ऑडिटरचं वेगळं मत लागतं ते ४०४(बी)मध्ये. आपण अजून ‘इमर्जिंग ग्रोथ कंपनी’ (बाजारात नवी, अजून वाढती), त्यामुळे २०१२च्या जॉब्स कायद्याने त्यातून सुटलोय. हे बैठकीत सांगितल्यावर दोन-तीन चेहरे उजळले. मला उलट धाकधूक. ऑडिटर हिशेब तपासणार, पण नियंत्रणांवर मत देणार नाहीत. म्हणजे तिथे राहून गेलेलं पकडणारं शेवटचं माणूस आपणच. शिवाय सीईओ आणि सीएफओ यांच्या कलम ३०२च्या सह्या (अहवाल खरा असल्याची हमी) दर तिमाहीला जातातच.

माणसं: मी, एक सहकारी, आणि आयटीतली एक जण अर्धा वेळ.

१९ जून
जुनी यादी उघडली. सल्लागारांनी करून दिलेली, २१४ नियंत्रणं. त्यातलं ‘खर्चाचं बिल व्यवस्थापक मंजूर करतो’ हे एकटंच नऊ वेळा, नऊ वेगळ्या शब्दांत. यादी बाजूला ठेवली आणि ताळेबंदापासून सुरुवात केली: कुठलं खातं मोठं, त्यात काय चुकू शकतं, आणि ते चुकलं तर आधी कोणाला कळेल. २००४चं पहिलं ऑडिट मानक फार खर्चिक ठरल्यावर २००७ साली पीसीएओबीने (ऑडिटरांवर देखरेख करणारं अमेरिकी मंडळ) ते बदललं, आणि सेकनेही (अमेरिकी शेअर बाजाराचा नियामक) त्याच वर्षी व्यवस्थापनासाठी मार्गदर्शन काढलं. दोन्हींचा रोख हाच, जोखमीकडून नियंत्रणाकडे यायचं. नियंत्रणं मोजायची चौकट कोसोची (लेखा-संघटनांची समिती), २०१३ची: ५ घटक, १७ तत्त्वं.

दिवसअखेर यादी ८८वर. सल्लागारांच्या कष्टांबद्दल वाईट वाटलं, पण थोडंच.

२७ जून
महसुलाचा वॉकथ्रू. एकच ऑर्डर धरली आणि मागणीपासून खातेवहीपर्यंत तिच्या मागे गेलो. ऑर्डर डेस्कवरच्या बाई एकेक स्क्रीन उघडून दाखवत होत्या, सगळं प्रक्रियेच्या कागदात लिहिल्याबरहुकूम. शेवटी नेहमीचा प्रश्न विचारला.

“दर वेळी असंच होतं का?”

“दर वेळी असंच. म्हणजे, तिमाहीचे शेवटचे दोन दिवस सोडून.”

“त्या दोन दिवसांत काय होतं?”

“तेव्हा सेल्सवाले ईमेल करतात, आम्ही ऑर्डर चढवतो आणि सही झालेला करार मागाहून जोडतो. तेव्हा वेळ कुठे असतो हो?”

तिमाहीतली मोठी विक्री नेमकी त्याच दोन दिवसांत होते. नोंदीत शब्दश: उतरवून घेतलं. उद्या कोणी ‘त्या तसं म्हणाल्या नव्हत्या’ म्हणायला नको.

९ जुलै
जर्नल एंट्री. हाताने टाकलेल्या नोंदी मी कायम आधी बघतो, आणि त्याला कारण वर्ल्डकॉम. दुसऱ्या कंपन्यांच्या जाळ्यासाठी मोजलेला लाइन-खर्च तिथे वरच्यावर नोंदी टाकून मालमत्तेत ढकलला होता. जून २००२मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा पहिला आकडा बाहेर आला, पुढे तो वाढत गेला. ते शोधून काढलं सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत ऑडिट टीमने. कुठली गहन युक्ती नव्हती. नोंद होती, तिच्यामागे आधाराचा कागद नव्हता, आणि हे कोणीतरी विचारलं.

आपल्याकडे टाकणारा आणि मंजूर करणारा एकच आयडी असला तर सिस्टीम अडवते. चाचणीसाठी मुद्दाम प्रयत्न करून पाहिला, अडवलं. मात्र दोन अ‍ॅडमिन आयडींना ती अट लागू नाही. त्यातला एक मार्चमध्ये नोकरी सोडून गेलेल्याचा. लॉग तपासला, तेव्हापासून वापर नाही. आयडी आज बंद. दुसरा कोणाकडे असावा यावर आयटी आणि फायनान्स एकमेकांकडे बोट दाखवताहेत. तो मुद्दा उघडा.

१८ जुलै
आजची नोंद लांबणार.

आगाऊ मिळालेल्या, अजून न कमावलेल्या महसुलाचा मासिक ताळमेळ. एका बाजूला खातेवहीची शिल्लक, दुसऱ्या बाजूला करार-सिस्टीममधून काढलेली यादी, तळाशी फरकाची ओळ. जानेवारी ते जून, सहाही शीट जागेवर. करणारीची सही आहे, तपासणाऱ्या मॅडमची सही आहे, तारखा वेळेतल्या. फरक सहाही महिने शून्य. टिकमार्क करून पुढे सरकायला हरकत नव्हती.

सहकाऱ्याने सहज एका रकान्यातल्या चौकटींवरून कर्सर फिरवला. प्रत्येक चौकटीत सूत्र, एकीत मात्र नुसता टाइप केलेला आकडा: ४१,३०६. शेजारी शेरा, ‘टायमिंग डिफरन्स’. मेची शीट उघडली, ४१,३०६. एप्रिल, तेच. थेट फेब्रुवारीपर्यंत तेच. टायमिंगचा फरक म्हणजे आज इथे नोंदलेलं उद्या तिकडे पोचतं, म्हणून तो आपोआप विरतो. पाच महिने एका डॉलरने न हललेल्या फरकाला टायमिंग कसं म्हणायचं?

दुपारपर्यंत मूळ सापडलं. यादी काढताना रिपोर्टला ‘चालू करार’ असा फिल्टर लावलेला आहे. रद्द झालेल्या करारांवर ग्राहकाला परत द्यायच्या रकमा त्यात येतच नाहीत. फेब्रुवारीत पहिल्यांदा फरक निघाला, तेव्हा महिना बंद करायची घाई होती. एका मुलीने तो आकडा टाइप केला, ‘नंतर बघू’ असं ठरवलं, आणि तिची दुसऱ्या टीममध्ये बदली झाली. नव्या मुलीने मागची शीट कॉपी केली. नंतर सुटलेल्या रकमा कशाबशा एकमेकींत मिटल्या, म्हणून फरक पुन्हा वर आलाच नाही. नशीब म्हणायचं की दुर्दैव, ठरवता येत नाहीये.

मॅडमशी बोललो. भल्या बाई आहेत, काही लपवलं नाही.

“मी तळाचा फरक शून्य आहे ना, ते बघते.”

“आणि शून्य असला की?”

“की सही करते. एका दिवसात माझ्याकडे असे चौदा येतात.”

शून्य तर येणारच. ते शून्य व्हावं म्हणूनच आकडा टाइप केलेला होता. आंधळं दळतंय त्यातला प्रकार, पण दोष एकट्या त्यांचा नाही. नियंत्रणाच्या वर्णनात फक्त ‘व्यवस्थापक ताळमेळ तपासून सही करतात’ एवढंच आहे. काय तपासायचं, केवढ्या फरकावर थांबायचं, यादी कुठल्या फिल्टरने काढली हे कुठे पाहायचं, यातलं काहीच नाही. आपण सही तपासत होतो. तपासणी कोणी तपासलीच नाही.

नवं वर्णन लिहायला घेतलं. रिपोर्ट काढतानाच्या निवडींचा स्क्रीनशॉट आणि ओळींची एकूण संख्या शीटला जोडायची. न जुळलेल्या प्रत्येक रकमेचं वय लिहायचं. एका महिन्याहून जुनी रक्कम आधाराशिवाय पुढे न्यायची नाही. आणि तपासणाऱ्याने विचारलेले प्रश्न शीटमध्येच ठेवायचे, फोनवर नाहीत. प्रश्न एकही नसेल तर तसं लिहायचं.

१ ऑगस्ट
वरच्या दोषाचं वजन ठरवायची बैठक. सगळे ४१,३०६वर अडकलेले. “एवढीशी रक्कम, कशाला बाऊ?” प्रत्यक्ष चूक केवढी झाली हे महत्त्वाचं आहेच, पण खरा प्रश्न त्यापुढचा: हे छिद्र असताना केवढी चूक निसटून गेली असती? म्हणून रद्द झालेल्या सगळ्या करारांची वर्षभरातली सर्वांत मोठी शिल्लक काढली. ती ४१,३०६च्या कितीतरी पट, पण मटेरियल (गुंतवणूकदाराचा निर्णय बदलेल एवढ्या) पातळीच्या बरीच खाली.

दुसऱ्या कुठल्या नियंत्रणाने हे पकडलं असतं का? नियोजन टीम दर तिमाहीला अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करते, पण ती फरक १० टक्क्यांपुढे गेला तरच विचारते. एवढ्या ढोबळ चाळणीत हे अडकणार नाही. तात्पुरती वर्गवारी ‘सिग्निफिकंट डेफिशियन्सी’, म्हणजे सर्वांत गंभीर नाही, पण समितीने लक्ष द्यावं एवढा दोष. ऑडिट समितीला लेखी कळवायचं.

१४ ऑगस्ट
दुसऱ्या तिमाहीचं फाइलिंग झालं. आता दुसरा अर्धा भाग, प्रकटीकरणाची नियंत्रणं. फायनान्समधल्या बऱ्याच जणांना ही दोन्ही एकच वाटतात. सेकच्या नियमात (१३ए-१५) व्याख्या वेगळ्या आहेत आणि प्रकटीकरणाची व्याख्या जास्त पसरट आहे. अहवालात जे जायला हवं ते गोळा होऊन, सही करणाऱ्यांपर्यंत, निर्णय घेता येईल इतक्या वेळेत पोचतं का, एवढा तिचा आवाका. कोर्टाची नोटीस, मोठा ग्राहक निघून जाणं, सर्व्हरवरचा हल्ला, यांतलं बरंचसं खातेवहीत उमटतच नाही.

८-के फॉर्मला (महत्त्वाची घटना जाहीर करायचा) चार कामकाजाचे दिवस मिळतात. बहुतेक घटनांत ते घटना घडल्यापासून मोजले जातात. आपल्या कायदे विभागाला कळल्यापासून मोजत नाहीत! सायबर घटनेचा नियम डिसेंबर २०२३पासून निराळा. तिथे घटना मटेरियल आहे असं ठरवल्यापासून चार दिवस, पण ते ठरवायलाही विनाकारण उशीर चालत नाही. हेल्पडेस्कला विचारलं, रात्री दोनला काही गंभीर दिसलं तर कोणाला फोन कराल? “आयटी प्रमुखांना.” आणि आयटी प्रमुख? ते म्हणाले, “आधी प्रश्न सोडवू, मग सांगू.” प्रामाणिक उत्तर. लगेच फोनसाखळीत कायदे विभाग घातला.

मग उप-प्रमाणपत्रं. सीईओ-सीएफओच्या सहीआधी विभागप्रमुखांकडून येणारी. अकराच्या अकरा ‘कळवण्यासारखं काही नाही’. आठवणीचा ईमेल दुपारी ३.१०ला गेला, शेवटचं उत्तर ३.५२ला आलं. ४२ मिनिटांत अकरा विभागांनी आपली तिमाही मनातल्या मनात तपासली म्हणायची.

३ सप्टेंबर
प्रश्नावली बदलली. ‘काही कळवायचंय का’ याचं सोपं उत्तर ‘नाही’ हेच असतं. आता थेट विचारलंय: या वर्षात तुम्ही किंवा तुमच्या माणसांनी कुठल्या ग्राहकाला करारात नसलेलं काही कबूल केलंय का? माल परत घेणं, पैसे उशिरा देण्याची सवलत, पुढे यायचं एखादं फीचर, मधूनच बाहेर पडण्याची सोय? ईमेल, फोन, मेसेज सगळं धरून. तिमाही संपायची वाट न पाहता सेल्सच्या चार प्रमुखांना चाचणी म्हणून पाठवली.

५ सप्टेंबर
तिघांचं उत्तर ‘नाही’. चौथ्याने उलटा प्रश्न पाठवला: “ईमेलवर लिहून दिलं असेल तर ते करारात धरायचं का?”

वाचून खुर्चीतच बसून राहिलो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यातला ईमेल. ग्राहकाला ९० दिवसांत पसंत नसेल तर परत करून पूर्ण पैसे घेण्याची मुभा. आपण ती विक्री जूनमध्येच पूर्ण महसूल म्हणून धरलेली. लिहिणाऱ्याला आपण गैर करतोय असं वाटलंच नव्हतं. त्याच्या लेखी ही ग्राहकसेवा. म्हणून तर जुन्या प्रश्नावलीला त्याने मनापासून ‘काही नाही’ लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत कंट्रोलर, कायदे विभाग, ऑडिट समितीच्या अध्यक्षा आणि बाहेरचे ऑडिटर, सगळ्यांना कळवलं. कोणाला आधी सांगायचं यावर दहा मिनिटं घालवली, ती घालवायला नको होती.

२६ सप्टेंबर
तीन आठवडे नोंद नाही, वेळच मिळाला नाही. कायदे विभागाने ३१ विक्री प्रतिनिधींचे ईमेल चाळले. आणखी दोन सापडले, दोन्ही तिमाहीच्या शेवटच्या दोन दिवसांतले. २७ जूनची नोंद काढून पुन्हा वाचली.

तिन्ही मिळून रक्कम टक्केवारीत लहान. पण नुसत्या टक्केवारीवर सुटता येत नाही, सेकच्या कर्मचाऱ्यांचं १९९९चं ९९ क्रमांकाचं बुलेटिन तेच सांगतं. चुकीने तोट्याचा नफा झाला का, विश्लेषकांचा अंदाज गाठता न आल्याचं झाकलं गेलं का, कर्जाच्या अटी मोडल्याचं लपलं का, व्यवस्थापनाचा बोनस वाढला का, हे सगळं बघावं लागतं. एकेक तपासलं, कागद जोडले, उत्तर प्रत्येक ठिकाणी ‘नाही’. दुसऱ्या तिमाहीचे आकडे पुन्हा काढावे लागणार नाहीत, दुरुस्ती तिसऱ्यात. ऑडिटरांनीही आपलं विश्लेषण पाहून हरकत घेतली नाही.

३ ऑक्टोबर
नियंत्रणाचं काय, यावर मात्र खडाजंगी. सीएफओ साहेब म्हणाले, “अहो, आकडा मटेरियल नाही असं तुम्हीच मागच्या आठवड्यात लिहून दिलंत. मग नियंत्रणाचा दोष मटेरियल कसा?”

प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला फळ्यापाशी जावं लागलं. मटेरियल वीकनेसची व्याख्या झालेल्या चुकीवर बेतलेली नाही. मटेरियल चूक वेळेत रोखली किंवा पकडली न जाण्याची वाजवी शक्यता आहे का, हा निकष. आपल्याकडे तिमाहीची मोठी विक्री दोन दिवसांत होते, त्या दोन दिवसांत करार मागाहून जोडतात, सेल्सने बाहेर काय कबूल केलं हे महसूल टीमपर्यंत पोचायला एकही वाट नाही, आणि जे सापडलं ते एका माणसाच्या भाबड्या प्रश्नामुळे. पुढच्या वेळी ती विक्री सर्वांत मोठ्या ग्राहकाची असती तर? साहेब बराच वेळ फळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “लिहा.”

असा एक जरी दोष ३१ डिसेंबरला शिल्लक असला तरी ‘नियंत्रणं परिणामकारक’ असं लिहिता येत नाही. बाकीची ८७ सोन्याची असली तरी. तिसऱ्या तिमाहीच्या अहवालातही प्रकटीकरणाची नियंत्रणं परिणामकारक नाहीत असं जाईल. ऑगस्टमध्ये दुसऱ्या तिमाहीत आपण ‘आहेत’ लिहिलं होतं, त्याचं काय करायचं ते वकिलांकडे.

१५ ऑक्टोबर
दुरुस्तीचा आराखडा. सही झालेला करार जोडल्याशिवाय ऑर्डर चढणारच नाही, शेवटच्या दोन दिवसांतही नाही. सेल्समधून कडाडून विरोध, अपेक्षितच. मोठ्या ग्राहकांकडून थेट पुष्टी मागवायची, ‘या कराराबाहेर आमच्यात काही ठरलेलं नाही’. करारबाह्य आश्वासन निघालं तर कमिशन थांबणार. माझ्या मते सगळ्यांत जास्त काम हेच कलम करेल. प्रशिक्षणाचे कार्यक्रम ठीक आहेत.

१३ नोव्हेंबर
पगार हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीचा एसओसी १, टाइप २ अहवाल (तिच्या नियंत्रणांवर तिच्या ऑडिटरचा) आला. मुदत ३० सप्टेंबरपर्यंत, उरलेल्या तीन महिन्यांसाठी ब्रिज लेटर (त्यानंतर नियंत्रणांत काही बदललं का, हे सांगणारं पत्र) मागितलं. अहवालाच्या मागच्या पानांवर ‘ग्राहकाने स्वत: ही १४ नियंत्रणं राबवावीत’ अशी यादी असते. ती आपल्याकडे आजवर कोणी वाचलेली नव्हती. ११ आपण करतोच, ३ नाही. जोडून घेतली.

५ डिसेंबर
वेळेचं गणित. नुसतं नवं नियंत्रण बसवून भागत नाही. ते पुरेसा काळ चालून चाचणीत टिकलं तरच दोष दूर झाला असं म्हणता येतं. मासिक ताळमेळ नव्या पद्धतीने ऑगस्टपासून चालू, आपल्या तक्त्याप्रमाणे मासिकाला दोन नमुने लागतात, चार महिने हातात आहेत. ती डेफिशियन्सी बंद करता येईल.

ग्राहकांची पुष्टी तिमाही. ऑक्टोबरची पहिली फेरी घाईत झाली, ९ पत्रांपैकी २ परतच आली नाहीत आणि त्यांचा पाठपुरावा कोणी केला नाही. उरते जानेवारीची एकच फेरी. सीएफओ साहेबांनी विचारलं, “एका फेरीवर नाही का म्हणता येणार?” मी नाही म्हणालो. या वेळी वाद झाला नाही.

१० फेब्रुवारी
‘आयटम ९ए’चा (वार्षिक अहवालातला नियंत्रणांवरचा भाग) मसुदा वकिलांकडून आला. ‘काही विशिष्ट व्यवहारांच्या दस्तऐवजीकरणासंबंधी सुधारणेस वाव आढळला.’ ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं. दोष काय, तो कुठल्या खात्यांना लागतो, आपण काय केलं आणि काय राहिलं, हे वाचणाऱ्याला त्यातून कळत नाही. चार वेळा इकडून तिकडे गेल्यावर ‘कराराबाहेरील आश्वासने ओळखून ती महसूल विभागास कळवण्याची नियंत्रणे अस्तित्वात नव्हती’ हे वाक्य राहिलं. ‘मटेरियल वीकनेस’ हे शब्द आणि ‘परिणामकारक नाहीत’ हा निष्कर्षही पहिल्याच परिच्छेदात.

४ मार्च
फाइलिंग झालं. शेअरचा भाव बघायचा नाही असं ठरवलं होतं, तरी बघितला. विशेष काही नाही.

दुसऱ्या अ‍ॅडमिन आयडीचा मालक अजून ठरलेला नाही. जुलैपासून. आज तिसऱ्यांदा वर पाठवला.

१२ मार्च
नव्या वर्षाची चाचणी सुरू. फेब्रुवारीचा ताळमेळ उघडला. तपासणीच्या रकान्यात मॅडमचा शेरा, वेळ सकाळी ११.२०: ‘ओळ ३७, रक्कम १,१८०. जानेवारीत नव्हती. का?’ खाली उत्तर ११.४५ला: ‘माहीत नाही मॅडम, शोधते.’ आणि ४.३०ला दुसरं: ‘सापडलं. रद्द करार, परतावा दोनदा नोंदला गेला. उलटी नोंद टाकली, कागद जोडलाय.’ त्याखाली सही.

नमुना क्र. १ म्हणून हाच घेतला.